जुना संगणक आणि नवे भांडार

बैलगाडीचे चाक झिजले म्हणून कोणी गाडी टाकून देत नाही. लोहार चाकावर नवी धाव चढवितो आणि गाडी पुन्हा रस्त्याला लागते. मात्र धावेचे माप चाकाशी नेमके जुळावे लागते. जुन्या संगणकाला नवा भाग जोडतानाही हाच नियम पाळावा लागतो. तेथे माप हाताने नव्हे, तर गणिताने घ्यावे लागते.

इ. स. १९९२ मध्ये कमोडोर या कंपनीने ‘अमिगा १२००’ नावाचा घरगुती संगणक विक्रीस आणला. १९९४ मध्ये ती कंपनी बंद पडली. तथापि हौशी लोकांनी हे संगणक आजही चालते ठेवले आहेत. कोणाची बालपणीची चित्रे, कोणी रचलेले संगीत त्यांत साठविलेले असते. म्हणूनच त्यांचे भांडार सुरक्षित राखणे महत्त्वाचे ठरते.

हे भांडार म्हणजे हार्ड डिस्क होय. तिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरतात. वर्षानुवर्षे फिरून हे भाग झिजतात आणि डिस्क निकामी होते. तिच्या जागी आजची डिस्क सरळ जोडता येत नाही, कारण दोघींच्या रीती भिन्न आहेत. जुनी ‘आयडीई’ पद्धतीची डिस्क सोळा तारांवरून सोळा संकेत एकाच वेळी पाठवी. नवी ‘साटा’ पद्धतीची डिस्क ते एकामागून एक पाठविते.

ही अडचण ‘कॉम्पॅक्ट फ्लॅश’ कार्डाने दूर होते. हे चिमुकले कार्ड १९९४ मध्ये प्रथम निघाले. त्यात फिरणारा एकही भाग नसतो, आणि आयडीईचे संकेत त्याला मुळातच समजतात. त्यामुळे संगणकातील ४४ पिनांची तार कार्डाच्या ५० छिद्रांशी जुळवून देणारा एक साधा जोड पुरेसा होतो. जोडण्यापूर्वी विजेचा पुरवठा तोडावा. पट्टीसारख्या त्या तारेची रंगीत कड पहिल्या क्रमांकाच्या पिनेकडेच आहे, याची खात्री करून घ्यावी. तार उलटी बसली, तर वीज भलत्याच ठिकाणी जाऊन यंत्र बिघडू शकते.

एवढ्याने काम संपले असे वाटेल. परंतु खरा धोका पुढेच आहे. त्या काळची अमिगाची कार्यप्रणाली भांडारातील प्रत्येक जागेला क्रमांक देई, आणि तो क्रमांक ३२ द्विमान अंकांत मावावा लागे. एवढ्या अंकांत ४,२९,४९,६७,२९६ जागाच मोजता येतात. म्हणजेच ४ गिगाबाइट. आता कोणी १६ गिगाबाइटचे कार्ड बसविले, तर काय होईल? मोटारीच्या अंतरमापकात पाचच आकडे असले, तर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य दिसते. तसेच येथे घडते. मर्यादेपलीकडे लिहिलेला मजकूर भांडाराच्या आरंभी जाऊन पडतो. तेथील जुना मजकूर पुसला जातो, आणि यंत्र कसलीही सूचना देत नाही! नुकसान कळते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

उपाय मात्र सोपा आहे. कार्ड ४ गिगाबाइटपेक्षा लहान घ्यावे. मोठे असल्यास त्याचा आरंभीचा तेवढाच भाग आखून वापरावा आणि उरलेला मोकळा सोडावा. २०१८ मध्ये निघालेल्या नव्या कार्यप्रणालीने ही मर्यादा दूर केली आहे. तरीही जुन्या मजकुराची एक प्रत आधी अन्यत्र काढून ठेवणे हेच शहाणपणाचे.

नवी वस्तू मोठी आहे, एवढ्यावरून ती उपयोगी ठरत नाही. जुन्याची मर्यादा ओळखून जो नवे जोडतो, त्याच्याच हातून दोन्ही टिकतात.