लोकप्रतिनिधीचा वार्षिक हिशेब

संवत्सरी प्रतिक्रमणात श्रावक वर्षभरातील दोषांचा आढावा घेतो आणि क्षमायाचना करतो. राजकारणातही अशी परंपरा असती तर? ठाणेकरांनी तिचा एक नमुना प्रत्यक्ष पाहिला आहे.

रामभाऊ म्हाळगी व्यवसायाने वकील होते. १९५७ साली ते मावळमधून विधानसभेवर निवडून आले. आणीबाणीतील कारावासानंतर १९७७ आणि १९८० अशा दोन्ही निवडणुकांत ठाण्याने त्यांना लोकसभेत पाठविले. आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवणारे लोकप्रतिनिधी, ही त्यांची खरी ओळख. न्यायालयात पुराव्यावाचून केलेले विधान टिकत नाही. वकिलीतील ही शिस्त त्यांनी राजकारणातही पाळली. भाषण विरून जाते, लेखी हिशेब मात्र पुढच्या वर्षी पडताळून पाहता येतो. असा अहवाल देणारा स्वतःच्या उणिवा तपासण्याचे साधनच मतदाराच्या हाती देतो. त्यासाठी धैर्य लागते.

१९८२ च्या मार्चमध्ये रामभाऊंचे निधन झाले. त्याच वर्षी ठाण्यात आणि पुढील वर्षी कल्याणमध्ये महानगरपालिका आली. पाणी, रस्ते, कचरा यांसाठी दाद मागण्याचे दार घराजवळ आले. पण वर्षाअखेरीस हिशेब मागणारे आपल्यापैकी किती? दुकानाच्या वहीतील एका रुपयाची तफावत शोधण्यासाठी रात्र जागविणारा आपला समाज मत दिल्यानंतर मात्र पाच वर्षे वही मिटून ठेवतो. हिशेब देणारा प्रतिनिधी हवा असेल, तर आधी हिशेब मागणारा मतदार हवा.