गुलाबाचे फळ आणि अभ्यंगाची वाटी

दारच्या गुलाबाला फळही धरते, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? सकाळी फूल उमलले की ते देवघरात जाते, उरलेच तर वेणीत माळले जाते. फूल झाडावरच सुकू दिले तर त्याच्या देठाशी बोराएवढे नारिंगी-तांबडे फळ धरण्याचा संभव असतो. बागेतील भरगच्च पाकळ्यांचे कलमी गुलाब बहुधा तेवढीही तसदी घेत नाहीत. हे फळ पाहावयाचे तर रानगुलाबाकडे जावे लागते. युरोपातील शेतांच्या कुंपणांवर, हिमालयाच्या थंड उतारांवर आणि दक्षिण अमेरिकेतील चिली देशात ही फळे पिकतात. इंग्रजीत त्यांस ‘रोझहिप’ म्हणतात. त्यांच्या बियांचे तेल चेहऱ्यास लावण्यासाठी म्हणून आज चिमुकल्या बाटल्यांतून आपल्या बाजारातही येऊन पोहोचले आहे.

दीपावलीच्या दिवसांत हा विषय निघावयास आमच्याच घरचा एक प्रसंग कारण झाला. गेल्या नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सूनबाईने अशी एक बाटली आणली होती. पहाटे अभ्यंगाची तयारी करताना आमच्या आत्याबाईंच्या ती दृष्टीस पडली. गुलाबाचे तेल म्हणजे सुवासिक असणारच, या समजुतीने त्यांनी ती तिळेलाच्या वाटीत रिकामी केली आणि वाटी गॅसवर चांगली कढत केली. सुवास मात्र आला नाही. “अगं सूनबाई, तुला कुणीतरी फसवलंय. गुलाबाचा वास कुठाय याला?” आत्याबाईंनी न्हाणीघराच्या दारातूनच निकाल दिला.

फसविले कोणीच नव्हते. कनोजचे गुलाबाचे अत्तर निघते ते पाकळ्यांपासून, देगेत पाण्याबरोबर त्या उकळून, वाफेच्या वाटे. रोझहिपचे तेल निघते फळातील टणक बियांपासून, तीळ किंवा करडई घाण्यात दाबावी तसे. त्यास गुलाबाचा गंध नसतो. असतो तो किंचित मातकट वास, आणि रंग सोनेरी ते तांबूस. बियांत तेलाचा अंश थोडाच असल्याने ते महाग पडते.

चिलीमध्ये या झुडपास ‘रोझा मोस्केता’ म्हणतात. मूळचे ते तेथले नव्हे. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर ते गेले आणि तेथील माळरानांवर असे माजले की आज त्याची गणना उपद्रवी तणांत होते. फळाच्या सालीचा चहा व मुरंबा करतात, तर बिया तेलासाठी जातात. या फळाच्या गरात क जीवनसत्त्व विपुल असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री येईनाशी झाली, तेव्हा 1941 पासून तेथील शाळकरी मुलांकडूनही रानातली ही फळे गोळा करवून त्यांचे सरबत बालकांना देण्यात येई. या लौकिकाचा लाभ आज तेलाचे विक्रेतेही उठवितात. पण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहे, तेलात ते उतरत नाही. बाटलीवर त्याचा डांगोरा पिटलेला दिसल्यास तेवढा भाग सोडून द्यावा. अ जीवनसत्त्वाच्या कुळातील द्रव्याचेही तसेच आहे. तेलात ते असलेच तर लेशमात्र. त्वचारोगतज्ज्ञ लिहून देतात त्या मलमाचे काम या तेलाकडून होणार नाही, आणि वांग किंवा जुने व्रण समूळ जातील ही आशाही धरू नये.

मग त्याचा उपयोग काय? या तेलात लिनोलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास आणि लिनोलेनिक आम्ल सुमारे तृतीयांश असते. त्वचेच्या वरच्या थरातील ओलावा धरून ठेवण्यास पहिल्याचे साहाय्य होते. तेल हलके, चिकटपणा कमी, म्हणून थंडीत कोरड्या पडणाऱ्या चेहऱ्यास ते मानवते. पण हीच आम्ले हवा, प्रकाश आणि उष्णता यांनी लवकर बिघडतात. तिळाच्या तेलास त्याच्याच अंगचे रक्षक घटक असतात, म्हणून ते पुष्कळ दिवस टिकते आणि वाटीत कोमट करूनही बिघडत नाही. आत्याबाईंच्या हातून झाले ते हेच. तिळाच्या तेलास शोभणारी वागणूक त्यांनी या नाजूक पाहुण्यास दिली.

वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त नित्य अभ्यंग सांगताना मस्तक, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. मुखाचा विचार त्याने निराळा केला आहे. तेथे ऋतूंप्रमाणे सहा लेप सांगून, लेप वाळू न देता ओला करून काढावा आणि मग तेल लावावे, असा क्रम दिला आहे. म्हणजे सर्वांगाचे तेल आणि चेहऱ्याचे तेल यांत भेद करण्याची दृष्टी आपल्याकडे जुनीच. अभ्यंगाचे तेल भरपूर चोळावयाचे आणि उटणे व ऊन पाण्याने बरेचसे काढून टाकावयाचे असते. रोझहिपचे तेल चेहऱ्यावर राहू द्यावयाचे असते, म्हणून ते अगदी थोडे हवे.

रात्री चेहरा धुऊन टिपावा आणि कातडी किंचित ओलसर असतानाच दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन हलकेच दाबून लावावे, चोळू नये. प्रथमच वापरणाऱ्यांनी कोपराच्या आतल्या बाजूस थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर बाटली बाजूस ठेवावी. मुरुमांचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेतल्यावाचून हात घालू नये. बाटली गडद काचेची असावी व थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी. उघडल्यावर सहा महिन्यांत ती संपविलेली बरी. खवट वास आला की, कितीही किंमत मोजलेली असो, ते तेल चेहऱ्यास लावू नये. उन्हापासून हे तेल संरक्षण देत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

यंदा सूनबाईने नवी बाटली आणली आहे आणि ती आपल्या कपाटात, कुलुपात ठेवली आहे. आत्याबाईंनी तिळाचे तेल, उटणे आणि कारीट आधीच काढून ठेवले आहे. “तुझं ते बिनवासाचं तेल रात्री लाव हो, पण पहाटे माझ्या हातचंच,” असे त्यांनी तिला बजावलेही आहे.