स्पेलिंग बरोबर, शब्द चुकीचा

दहावीचा निकाल लागला की प्रवेश, शिष्यवृत्ती, दाखले अशा अर्जांचा हंगाम सुरू होतो. त्यात आम्हा शिक्षकांना एक चूक हमखास दिसते. ‘टू द प्रिन्सिपल’ लिहिताना मुले शेवटी पी-एल-ई लिहितात. त्याचा अर्थ तत्त्व. प्राचार्य हवे असतील तर शेवट पी-ए-एल. कर्जाची मुद्दल म्हणजेही हाच पी-ए-एलचा शब्द. दोन्ही स्पेलिंगे डिक्शनरीत असल्यामुळे मोबाइल प्रत्येक वेळी लाल रेघ ओढेलच असे नाही. अर्ज मात्र ज्या टेबलावर जातो, तिथे पहिल्याच ओळीत मुलाविषयी मत बनते.

उर्दू जाणणाऱ्या घरांना हा प्रकार नवा नाही. ऐनचा ‘अर्ज’ म्हणजे विनंती, अलिफचा ‘अर्ज’ म्हणजे पृथ्वी, भूगोलातल्या कुर्रा-ए-अर्जमधली. मराठीतही दिन आणि दीन आहेतच. मूल तिथे अर्थ पाहून अक्षर निवडते. इंग्रजीत मात्र आपण त्याला नुसती स्पेलिंगे दहादा लिहायला लावतो.

त्यापेक्षा शब्दाची गोष्ट सांगावी. स्टेशनरीचेच घ्या. मध्ययुगीन युरोपात बहुतेक विक्रेते फिरून माल विकत. पुस्तकवाल्याचे दुकान एका जागी असे, म्हणून तो ‘स्टेशनर’. त्याच्याकडचे कागद-लेखण्या म्हणजे स्टेशनरी. स्टेशनरमधला ‘ई’ तिच्यात कायम राहिला. उभ्या गाडीसाठीच्या स्टेशनरीत त्या जागी ‘ए’ येतो.

काही चुका आपल्या उच्चारामुळे होतात. ढगळ शर्टही ‘लूज’ आणि हरवणेही ‘लूज’! खरे तर ढगळ तो ‘लूस’, दोन ओंचा. हरवणे ते ‘लूझ’, एका ओचे. ‘अ‍ॅडव्हाइस’मध्ये सी आला की सल्ला, एस घालून ‘अ‍ॅडव्हाइझ’ म्हटले की सल्ला देणे. ‘प्रॅक्टिस’लाही ब्रिटिश पद्धतीत हाच नियम आहे, उच्चार मात्र बदलत नाही. अमेरिकेत दोन्हींकडे सीच चालतो, म्हणून इंटरनेटवरून उतरवताना पाहून घ्यावे.

आणि ईदवर इंग्रजी निबंध लिहिताना शीरखुर्म्याच्या ‘डेझर्ट’ला दोन एस द्यायला मुलांना सांगा. एकच दिला तर पाहुणे थेट वाळवंटात!