पोशाख नाही, पडदा नाही, आणि चार तास

मुलांकडे लंडनला किंवा न्यू जर्सीला राहून आलेल्या काही जणींनी आम्हाला एकच गोष्ट विचारली. लेकीने हौसेने ऑपेराची तिकिटं काढली, आपण ठेवणीतली साडी नेसून गेलो, आणि बघतो तर ना महाल, ना मुकुट! मागे वादक बसलेले, पुढे गायक-गायिका उभ्या, समोर नोटेशनचा स्टँड. भाषा इटालियन. आणि हे सगळं चार तास. मध्येच उठता येत नाही, डुलकी लागली तर लेकीला वाईट वाटणार. अशा वेळी करायचं काय?

आज त्याबद्दलच बोलू. उदाहरण एकच घेऊ, हँडेलच्या 'आरिओदान्ते'चं. हँडेल जन्माने जर्मन, राहिला लंडनमध्ये, आणि ऑपेरे लिहिले इटालियनमध्ये. हा ऑपेरा 8 जानेवारी 1735 रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डन थिएटरात पहिल्यांदा झाला. नुसतं संगीतच तीन तासांच्या आसपास, मध्यंतरं धरली की चार.

मग नेपथ्य का नाही? मुख्य कारण पैसा. महाल उभारायचा, पोशाख शिवायचे, कित्येक आठवडे तालमी करायच्या, हे प्रत्येकाला परवडत नाही. वादक आणि सहा-सात गायक मात्र गावोगाव जाऊ शकतात. 2017 साली 'द इंग्लिश कॉन्सर्ट' या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हाच ऑपेरा असा सादर केला, हॅरी बिकेट यांच्या संचालनाखाली. नायकाची भूमिका जॉइस डिडोनाटो या गायिकेने केली. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या मैफलीत नाटकाशिवाय पदं होतातच की. फरक एवढाच, की इथे निवडक पदं नसतात, आख्खं नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत गातात.

म्हणून पहिलं काम, गोष्ट घरूनच वाचून जायची. त्यात कमीपणा काही नाही. हँडेलच्या काळीही लोक थिएटरात पुस्तिका विकत घ्यायचे. तिच्यात एका बाजूला इटालियन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. प्रेक्षागृहातला उजेड मालवत नसत, त्यामुळे वाचत वाचत ऐकता यायचं. आता बऱ्याच ठिकाणी वर पट्टीवर भाषांतर दिसतं.

गोष्ट अशी. स्कॉटलंडच्या राजाची मुलगी जिनेव्रा आणि सरदार आरिओदान्ते यांचं लग्न ठरलंय. पोलिनेसोला ती हवी आहे, राज्यासाठी. जिनेव्राची सखी दालिंदा याच पोलिनेसोवर जीव टाकते. तो तिला गळ घालतो, आज रात्री राजकन्येचे कपडे घालून मला आत घे. आरिओदान्ते लपून बघतो, आणि बघितलं तेच खरं मानतो. तो जीव द्यायला निघून जातो, त्याचा भाऊ जिनेव्रावर बदफैलीपणाचा आरोप ठेवतो, आणि कायद्याप्रमाणे तिला मरण. तिच्या बाजूने कोणी लढेल तरच सुटका. वडील आहेत, पण आधी राजा आहेत. सीतेची गोष्ट ऐकत मोठ्या झालेल्या आपल्याला यातलं काही समजावून सांगायला नको.

आता ऐकायचं कसं? हार्पसिकॉर्ड आणि चेलोच्या साथीवर भराभर बोलल्यासारखं गातात, तेव्हा गोष्ट पुढे सरकते. तिथे डोळा लागलाच तर फार बिघडत नाही, असं आमचं मत! मग एरिया येते, म्हणजे पद. तिथे गोष्ट थांबते आणि मन बोलतं. पहिला भाग, मग छोटा दुसरा भाग, आणि पुन्हा पहिला. नवखी बाई इथेच कंटाळते, 'हे मघाशी झालं की!' पण पुन्हा येताना गायिका त्यात स्वतःच्या हरकती, ताना घालते. ख्यालातला मुखडा आपण कितीदा ऐकतो? दर वेळी नवा वाटतो ना? तोच कान इथे लावायचा.

दुसऱ्या अंकातलं 'स्केर्त्सा इन्फिदा' नीट ऐका. आरिओदान्ते आपल्या जिनेव्राला बेइमान म्हणतो. व्हायोलिनचा आवाज मुद्दाम दाबलेला, खर्जातल्या तारा बोटांनी छेडलेल्या, आणि त्यातून बसून नावाचं लांबलचक लाकडी सुषिरवाद्य विव्हळतं. दहा मिनिटं आणि कधी त्याहून जास्त. तेच आरोप परत येतात तेव्हा त्यांत राग कमी आणि दुःख जास्त ऐकू येतं. नेपथ्य असलेल्या प्रयोगात अशा वेळी दिग्दर्शक काहीतरी हालचाल घालतो, लोक कंटाळतील या भीतीने. मैफलीत तो आधार नाही. एक चेहरा, एक आवाज, आणि तिकडे बसून वाजवणारा वादकही दिसतो. आम्हाला तरी हेच जास्त भिडतं.

आणि हो, नायक बाई कशी, असं विचाराल. ही भूमिका कारेस्तिनी नावाच्या कास्त्रातो गायकासाठी लिहिली होती. लहानपणी शस्त्रक्रिया करून अशा मुलांचा आवाज फुटू देत नसत. ती क्रूर चाल बंद पडली, आज बहुतेक वेळा स्त्रियाच या भूमिका गातात. खलनायक पोलिनेसो तर 1735 मध्येही एका गायिकेनेच गायला होता. बालगंधर्वांना भामिनी म्हणून डोक्यावर घेणाऱ्या आपल्या आज्यांना याचं नवल वाटलं नसतं.

थोडं व्यवहाराचं. शाल न्या, एसी फार असतो. मध्यंतरात काहीतरी खाऊन घ्या. एरिया संपल्यावर टाळ्या दिल्या तरी चालतात, शेजारी बघून द्या. फोन पूर्ण बंद, घरी तसं सांगून ठेवा.

आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी बघा. तिसऱ्या अंकात 'दोपो नोत्ते' हे आनंदाचं पद येतं. कट उघडा पडलेला असतो, आरिओदान्ते जिवंत परतलेला असतो, टाळ्यांचा कडकडाट होतो. पुष्कळ लोकांना वाटतं, झालं, आता निघू. निघू नका. जिनेव्रा अजून कोंडलेल्या खोलीत एकटी बसलेली असते, मरणाची वाट बघत. आपण निर्दोष ठरलो हे तिला सोडून सगळ्यांना कळलेलं असतं. तिच्यापर्यंत ते त्यानंतर येतं.