तवंदीची चढण

माघ सरत आला की निपाणीच्या वाऱ्यात तंबाखूचा वास मिसळतो. पूर्वी तो अधिक उग्र असे. आता बऱ्याच रानांत ऊस उभा असतो. तरी वखारींवरून जाताना नवख्याला शिंक आल्याखेरीज राहत नाही. अशाच एका रविवारी भल्या सकाळी आम्ही तवंदीचा डोंगर चढावयास निघालो. सोबत आमच्या शाळेतील कन्नडचे गुरुजी होते. मेअखेर ते सेवानिवृत्त होऊन धारवाडकडे आपल्या गावी जावयाचे आहेत. ‘एकदा डोंगर चढू या’ असे वीस वर्षे नुसते म्हणत आलो. आता दिवस मोजकेच उरले.

महामार्ग जेथे घाट चढू लागतो, तेथेच स्तवनिधीचे जैन क्षेत्र आहे. पार्श्वनाथाचे व ब्रह्मनाथाचे दर्शन घेतले. येथे नवस बोलावयास मराठी घरचे येतात तसे कानडी घरचेही येतात. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना याच ठिकाणी 1899 साली झाली. गुरुजी म्हणाले, “श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ, मराठी तिन्ही लेख आहेत. देवाला भाषेची अडचण नाही वो, सर.”

पुढे वाळल्या गवतातून पाऊलवाट वर जाते. चढण फार नाही; पण गुरुजींचा गुडघा दुखरा आणि आमचा दमही पूर्वीचा नव्हे. तीनदा बसत बसत माथा गाठला.

उत्तरेस निपाणी पसरली होती. तिच्यापलीकडे वेदगंगेच्या काठची हिरवी पट्टी आणि त्याहीपलीकडे कोल्हापूर जिल्हा. 1956 साली निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. महाजन आयोगाने ती महाराष्ट्राला द्यावी असे सुचविले, ते अमलात आले नाही. 2004 साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आमची मुले मात्र गावाला लागून असलेल्या अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात शिकावयास जातात, म्हणजे रोज सकाळी महाराष्ट्रात जाऊन दुपारी कर्नाटकात जेवावयास येतात! सीमारेषा कोठून जाते हे माथ्यावरून शोधू गेलो, तर उसाच्या फडांखेरीज काही दिसेना.

तेथे बसल्यावर मनातले बोलावयाचे धैर्य झाले. एका आंदोलनाच्या वर्षी शाळेच्या फलकावरून आमचा व गुरुजींचा खटका उडाला होता. भर सभेत आम्ही त्यांस ‘तुम्ही परके’ म्हणून गेलो. पुढे महिनाभर अबोला होता. तो सुटला, पण चुकलो असे आम्ही कधी म्हटले नाही. ते आज म्हटले.

गुरुजी बराच वेळ गावाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “लागलं होतं, सर. पण घरी जाऊन विचार केला. वर्गात मी नुसतं पुस्तकी कन्नड बोलत होतो, पोरांना काही कळत नव्हतं. त्यांना मीच परका होतो. दुसऱ्या दिवसापासून मराठीतून कन्नड शिकवायला लागलो.”

यावर आम्हांस बोलावयास काही सुचले नाही. गुरुजींच्या जागी अद्याप कोणी नेमलेले नाही. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा कन्नडच्या तासाला बहुधा आम्हांसच उभे राहावे लागेल. कामापुरते कन्नड येते. शिकविण्यापुरते येत नाही, असे आम्ही मोकळेपणी सांगितले.

“पोरांच्या तोंडात आधीच आहे, तिथून सुरू करा,” गुरुजी म्हणाले. “अण्णा, अक्का, अडकित्ता.”

उतरताना त्यांनी गुडघ्यासाठी आमच्या खांद्याचा आधार घेतला. महामार्गाला लागेपर्यंत आमचे दोन धडे झाले होते आणि उच्चार चुकल्याबद्दल दोनदा बोलणीही खाल्ली होती. पुढच्या रविवारी पुन्हा जावयाचे ठरले आहे.