पुढच्या चाकांची किंचाळी

मोटारीच्या दुखण्यांत सर्वांत फसवें दुखणें म्हणजे अधूनमधून येणारें. घरून निघतांना पुढच्या चाकांतून चीं-चीं असा कर्कश स्वर निघतो, रस्त्यावरचीं माणसें मान वळवून पाहतात. आणि तीच गाडी मिस्त्रीच्या दारांत नेऊन उभी केली कीं मौनव्रत धरते. डॉक्टरांपुढें मुलाचा खोकला थांबावा, तशांतलाच हा प्रकार. "कांहीं नाहीं साहेब, धूळ असेल," असें मिस्त्री म्हणतो आणि आपण समाधान मानून परत येतों. हें समाधान केव्हां योग्य असतें आणि केव्हां महागांत पडतें, तें आज पाहूं.

हल्लींच्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना तबकडीचे ब्रेक असतात. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते. तिच्या दोन्ही अंगांस घर्षणद्रव्याचे दोन जाड तुकडे असतात, त्यांस पॅड म्हणतात. पायाखालचा ब्रेक दाबला म्हणजे तेलाच्या दाबानें कॅलिपर नांवाचा चिमटा हे पॅड तबकडीवर आवळतो. सारंगीच्या तारेवर गज ओढला म्हणजे तार गजाला क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हां चिकटते. ही चिकट-सूट सेकंदांत शेंकडों वेळां घडून तिचा स्वर होतो. येथें पॅड हा गज आणि तबकडी ही तार समजावी. कंप मात्र सेकंदाला एक हजारापासून कित्येक हजारांपर्यंत असतात, आणि माणसाच्या कानाला सर्वांत टोचणारा भाग नेमका याच पट्ट्यांत येतो. सारंगीचा स्वर जसा गजाला लावलेल्या राळेवर अवलंबून, तसा हा स्वर ओलावा, उष्णता, धूळ आणि झीज यांवर अवलंबून असतो. त्यांतली एखादी गोष्ट बदलली कीं तो येतो किंवा जातो. तो लहरी दिसतो याचें कारण हेंच.

गाऱ्हाणें तसें जुनेंच आहे. इंग्लंडांतील फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं तबकडीच्या ब्रेकचें पेटंट घेतलें, तेव्हां तांब्याचे तुकडे धातूच्या तबकडीवर घासून मोठी किंचाळी उठे. पुढें हर्बर्ट फ्रूड यांनीं अ‍ॅस्बेस्टॉसचें अस्तर वापरून ती आटोक्यांत आणली. त्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस किती घातक, हें नंतर कळलें. म्हणून पॅड कोणत्याहि द्रव्याचे असोत, ब्रेकवरची धूळ फुंकरीनें उडवूं नये. ओल्या फडक्यानें पुसावी.

आतां कर्जतजवळचें दहिवली घ्या. उल्हास नदीच्या कांठचा हा मुलूख. मुंबईचीं आणि पुण्याचीं कितीतरी कुटुंबें शनिवार-रविवारसाठीं या बाजूस येतात. सह्याद्रीच्या पायथ्याचा आषाढांतला पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्याला त्याचें वर्णन सांगणें नको. गाडी रात्रभर अंगणांत भिजते आणि सकाळीं तबकडीवर तांबूस गंजाचा पातळ थर चढलेला असतो. घासण्याच्या पृष्ठाला रंग लावतां येत नाहीं, तेव्हां हें चुकत नाहीं. पहिल्या पांच-सहा ब्रेकांना चाकें खरखरतात, किंचाळतात आणि मग गप्प होतात. या आवाजावर एक पैहि खर्चूं नये. दुसरा असाच निरुपद्रवी पाहुणा म्हणजे खडा. कच्च्या वाटेवरचा बारीक खडा तबकडी आणि तिच्यामागचा पत्रा यांच्या फटींत अडकतो व ब्रेक दाबा वा न दाबा, पत्रा खरवडल्यासारखा आवाज चालू राहतो. गाडी सावकाश मागें-पुढें घेतली कीं तो बहुधा गळून पडतो.

यापुढचें कारण मात्र कान टवकारून ऐकावें. पुष्कळ पॅडांना पोलादी पट्टीची एक जीभ मुद्दाम बसविलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला कीं ती तबकडीला टेकते आणि ओरडूं लागते. तिचें कामच तें. तिची खोड अशी कीं, पुष्कळदां ती गाडी चालतांना वाजते आणि ब्रेक दाबला कीं थांबते, कारण दाबाखालीं तिचा कंप बंद पडतो. माणूस म्हणतो, "ब्रेक दाबल्यावर आवाज जातो, अर्थीं ब्रेक उत्तम आहे." वस्तुस्थिति अगदीं उलट असते. अशा वेळीं पॅड लवकरांत लवकर बदलावे. दुर्लक्ष केलें तर पुढें किंचाळी जाऊन जड घरघर येते. म्हणजे पॅड संपला आणि त्यामागचें पोलाद तबकडी कुरतडूं लागलें.

पावसाळी मुलखाचा खास रोग निराळाच आहे, आणि तोच ओळखण्यांत सर्वांत अधिक चुका होतात. बहुतेक गाड्यांचा कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर सरकतो. या पिनांवर रबरी टोप्या असतात. टोपी फाटली कीं पाणी व चिखल आंत जातो, ग्रीज निकामी होतें, पिन गंजून अडकते. मग ब्रेक सोडला तरी पॅड तबकडीपासून पुरता सुटत नाहीं; तो घासत राहतो, तापतो आणि कांहीं अंतरानंतर किंचाळूं लागतो. गाडी थांबून निवली कीं आवाज जातो, म्हणूनच मिस्त्रीच्या दारांत तो ऐकूं येत नाहीं. गंजाचा आवाज थंड गाडीचा, अडकलेल्या पिनेचा आवाज तापलेल्या गाडीचा, एवढा भेद लक्षांत ठेवला तरी पुरे. सपाट रस्त्यानें, ब्रेकचा फारसा वापर न करतां, आठ-दहा किलोमीटर जावें, थांबावें आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्यावा. स्पर्श मात्र करूं नये. एक चाक दुसऱ्याहून स्पष्टपणें अधिक धगधगत असेल, जळका वास येत असेल, किंवा गाडी एका बाजूस ओढत असेल, तर निदान बहुधा झालेंच. येथें नुसते नवे पॅड घालून भागत नाहीं; वर्षांत दोनदां पॅड बदलूनहि आवाज न गेलेले गृहस्थ बहुधा याच जातीचे असतात. पिना साफ करून त्यांस ब्रेकसाठीं असलेलेंच ग्रीज लावावें लागतें, कारण साध्या ग्रीजनें रबर फुगतें. घासणाऱ्या पृष्ठाला मात्र कोणतेंहि ग्रीज किंवा तेल लागतां कामा नये. आवाज जावा म्हणून तेथें तेलाचा थेंब सोडणारे महाभाग आहेत. त्यांचा आवाजहि जातो आणि ब्रेकहि जातो.

हा प्रश्न कानापुरताच असता तर एवढा प्रपंच केला नसता. पुण्याहून येणारें कुटुंब खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरतें. ही उतरण ढोबळ मानानें ५०० मीटर धरूं. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी एवढी खालीं येतांना जी शक्ति मोकळी होते, तिनें सुमारें १८ लिटर पाणी उकळीला येईल. सारी उतरण ब्रेकवरच केली तर ही उष्णता त्या चार चाकांत, आणि त्यांतहि मुख्यतः पुढच्या दोहोंत, शिरते. ब्रेकचें तेल हवेंतला ओलावा शोषतें. जुन्या तेलांतलें तें पाणी तापून त्याची वाफ झाली कीं पायाखालचा ब्रेक मऊ पडून खालीं जातो. ज्या चाकाची पिन अडकली आहे, तें तर घाटाच्या माथ्यावरच तापलेलें असतें. येथील लोहमार्ग १८६३ सालीं सुरू झाला, त्याची उतरण ३७ ला १. सुटलेली आगगाडी वळवून थांबविण्यासाठीं त्या घाटांत चढाचे बाजूचे रूळ घातले गेले. मोटारवाल्यानें निदान खालचा गिअर तरी घालावा.

चाकांतून येतो असें वाटणारा प्रत्येक आवाज ब्रेकचा नसतो. वेग वाढेल तसा वाढणारा, आणि एका बाजूस वळतांना अधिक होणारा गुंगुंकार बेअरिंगचा. चाक पुरतें वळवून निघतांना येणारा टक-टक आवाज आंसाच्या सांध्याचा. उभ्या गाडींत चाक वळवितांना इंजिनाकडून किंचाळी आली, तर सैल पट्टा पाहावा. वळणावर टायर ओरडत असतील, तर त्यांतली हवा तपासावी आणि वेगहि.

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वीं चार दिवस टिपण ठेवावें: गाडी थंड होती कीं तापलेली, पाऊस होता कीं ऊन, ब्रेक दाबल्यावर आवाज आला कीं गेला, डावीकडे वळतांना काय झालें, मागें घेतांना काय झालें. कांचा खालीं करून एखाद्या लांब भिंतीच्या कडेनें सावकाश गेलें म्हणजे आवाज परतून कानीं येतो व कोणत्या बाजूचा तें कळतें. हें टिपण हातीं दिलें कीं मिस्त्रीला "धूळ असेल" म्हणणें कठीण जातें. चाक काढून पाहण्याचा आग्रह धरावा, आणि आंतला व बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहावे. पिन अडकली असली कीं त्यांची झीज सारखी नसते. घरीं चाक काढावयाचें झालें तर गाडी सपाट जागीं, मागच्या चाकांना दगड लावून आणि खालीं भक्कम घोडी देऊन. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं हात घालूं नये. पॅड बदलावयाचे तर दोन्ही चाकांचे एकदमच बदलावे. नवे पॅड बसविल्यावर गाडी हलविण्यापूर्वीं ब्रेक उभ्या जागीं चार-सहा वेळां दाबून घट्ट करून घ्यावा, कारण पहिल्या दाबास तो पार तळापर्यंत जातो.