मनाली-लेह सायकलप्रवासासाठी जीपीएस निवडताना

मनाली ते लेह हा सुमारे ४३० किलोमीटरचा मार्ग सायकलने पार करण्यासाठी दर उन्हाळ्यात देशभरातून सायकलस्वार येतात. बारालाचा ला आणि ५,३०० मीटरहून उंच असलेली टांगलांग ला या खिंडी याच मार्गावर आहेत. बऱ्याच टप्प्यांत मोबाइलचे जाळे मिळत नाही. शिवाय अन्य राज्यांत घेतलेले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते.

जाळे नसले की जीपीएसही बंद पडते, हा समज मात्र चुकीचा आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संकेत फोन किंवा यंत्र थेट ग्रहण करते आणि किमान चार उपग्रहांवरून स्थान निश्चित होते. अडते ते नकाशापाशी. तो इंटरनेटवरून येत असेल, तर कोऱ्या पडद्यावर एक ठिपका तेवढा उरतो. म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवता येतो का, हे प्रथम पाहावे. गूगल मॅप्समध्ये ही सोय आहे. पण इंटरनेटविना ते मोटारीचाच मार्ग दाखवते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर आधारित ऑसमँड व ऑर्गॅनिक मॅप्स ही अ‍ॅप इंटरनेटविनाही सायकलचा मार्ग आखतात.

खरे तर या महामार्गावर वाट चुकण्याची भीती फारशी नाही. पुढचा चढ किती आणि मुक्काम किती दूर, हेच तेथे जाणून घ्यायचे असते. त्यासाठी हँडलवर बसणारे स्वतंत्र यंत्र अधिक उपयोगी ठरते. हवेच्या दाबावरून उंची मोजणारे यंत्र चढाचा अंदाज अधिक नेमका देते आणि बटणांचे असल्यास हातमोजे न काढता वापरता येते. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते. ती अडीअडचणीसाठी राखलेली बरी. शहरातल्या रविवारच्या फेरीसाठी मात्र एवढा खर्च अनावश्यक आहे. तेथे फोन पुरतो.

परदेशातील नातलगांकडून यंत्र मागविणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. केवळ संकेत ग्रहण करणाऱ्या जीपीएस यंत्राला भारतात आडकाठी नाही. उपग्रहामार्फत संदेश पाठविणारी, गार्मिन इनरीचसारखी उपकरणे मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातील दाभोळी विमानतळावर एका परदेशी महिला प्रवाशाला अशाच उपकरणावरून ताब्यात घेण्यात आले होते. दोन्ही प्रकारची यंत्रे दिसायला सारखीच असतात.